काळ्या पडद्यावरच्या रेघा

व्हिडिओ गेम हा शब्द शिक्षकांच्या खोलीत निघतो तो बहुधा तक्रारीच्या सुरात. १९९० नंतर तालुक्याच्या गावांतही बाजारपेठेतल्या एखाद्या गाळ्यात पैसे घेऊन खेळू देणारी दुकाने निघाली, तेव्हा मुले तासाला दांडी मारून तिथे जातात अशी तक्रार होती. आता तोच खेळ मोबाइलमधून घरात आला आहे आणि तक्रारही त्याच्यामागून घरात शिरली आहे. या लेखात आम्हाला त्या तक्रारीचा निवाडा करायचा नाही. घड्याळजी घड्याळ उघडतो तसे एक जुने खेळयंत्र उघडून त्याच्या पोटात काय होते एवढेच पाहायचे आहे. मुलाशी या विषयावर बोलायला तक्रारीखेरीज आणखीही काही आहे, असे शेवटी वाचकांना वाटले तर लेखाचा हेतू साधला.

यंत्र आहे १९८३ सालचे, नाव 'स्टार वॉर्स'. अमेरिकेतील अटारी या कंपनीने ते तयार केले. उभ्या कपाटाएवढे खोके, त्यात काच, काचेमागे काळा पडदा आणि पुढे विमानाच्या सुकाणूसारखी दोन मुठींची दांडी. नाणे टाकले की खेळणारा एका अवकाशयानाचा चालक होई. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या जॉर्ज ल्यूकस यांच्या 'स्टार वॉर्स' या विज्ञानपटाच्या शेवटच्या लढाईवर हा खेळ बेतलेला होता. शत्रूने 'डेथ स्टार' नावाचा चंद्रासारखा दिसणारा एक प्रचंड कृत्रिम गोल बांधला आहे. त्याच्या पृष्ठभागावर एक लांबलचक चर आहे आणि चराच्या टोकाला गरम वायू बाहेर सोडणारे, अवघ्या दोन मीटर रुंदीचे एक भोक आहे. चरातून यान नेऊन त्या भोकात नेम साधायचा. खेळात आधी मोकळ्या अवकाशातली चकमक होई, पुढच्या फेऱ्यांत गोलाच्या पृष्ठभागावरचे मनोरे चुकवावे लागत आणि शेवटी तो चर येई. नेम साधला की गोल फुटे आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून, पण अधिक कठीण होऊन सुरू होई. चित्रपटातील पात्रांचे काही संवादही यंत्रातून ऐकू येत.

या खेळात रंगवलेली चित्रे नव्हती. काळ्या पडद्यावर रंगीत, झळझळीत रेघा होत्या, एवढेच. चराच्या दोन भिंती म्हणजे दूरवर एका बिंदूकडे धावणाऱ्या काही रेघा. मनोरा म्हणजे आठ-दहा रेघांचा सांगाडा. तरीही खेळणाऱ्याला आपण खोल चरातून वेगाने जात आहोत असे वाटे. मोजक्या रेघांतून ही खोली आली कुठून, हा आमचा प्रश्न आहे.

चित्रपटातून खेळात

उत्तराची सुरुवात चित्रपटातच आहे. 'स्टार वॉर्स' चित्रपटातली बहुतेक दृश्ये लहान प्रतिकृती बांधून आणि कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी साधलेली होती. संगणकाने काढलेले मोठे दृश्य एकच. हल्ल्यापूर्वी वैमानिकांना सूचना देताना त्यांच्यापुढच्या पडद्यावर तो चर रेघांनी काढून दाखवतात, ते. हे दृश्य लॅरी क्यूबा या कलावंताने १९७६ साली शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात तयार केले. टॉम डीफँटी यांनी चित्रांसाठी रचलेली 'ग्रास' नावाची संगणकभाषा त्यासाठी वापरली. चराचे मोजके ठोकळे संगणकात भरून ते निरनिराळ्या क्रमाने जोडत लांब चर तयार केला गेला. एकेक चौकट उमटायला मिनिटांच्या हिशेबाने वेळ लागे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी लागतात. म्हणजे पडद्यावर जे क्षणात सरकते ते काढायला संगणक तासन्‌तास राबत होता.

सात वर्षांनी तेच दृश्य खेळ होऊन आले. आता चौकट मिनिटात काढून चालणार नव्हते. खेळणारा दांडी वळवणार त्याच क्षणी चर वळला पाहिजे. विद्यापीठातल्या संगणकाचे काम एका खोक्याला चालू खेळात, सेकंदाला अनेकदा करायचे होते. हे कसे साधले ते समजण्यासाठी आधी तो काळा पडदा समजून घ्यायला हवा.

नलिका, किरण आणि एक छोटी रेल्वे

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली कॅथोड किरण नलिका तयार केली. निर्वात नळीत एका टोकाकडून निघालेला किरणांचा झोत दुसऱ्या टोकाच्या लेप दिलेल्या काचेवर आपटला की तिथे प्रकाशाचा ठिपका दिसतो. चुंबकाने झोत वाकवला की ठिपका सरकतो. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जे. जे. थॉमसन यांनी हा झोत इलेक्ट्रॉन या अतिसूक्ष्म ऋणभारित कणांचा असल्याचे दाखवून दिले. आणि आपल्या भागाच्या दृष्टीने योगायोग असा की बार्शी लाइट रेल्वेचा कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पाही १८९७ सालीच सुरू झाला. या छोट्या रेल्वेचा संबंध पुढे येणार आहे.

ब्राउन यांच्या नलिकेतून पुढे दोन प्रकारचे पडदे निघाले. पहिला आपल्या परिचयाचा, जुन्या दूरदर्शन संचाचा. त्यात झोत शेतातल्या नांगरासारखा ठरलेल्या तासांनी फिरतो. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग खालची ओळ. भारतातल्या प्रक्षेपणात अशा ६२५ ओळी धरलेल्या होत्या आणि सेकंदाला २५ चित्रे. चित्र काहीही असो, झोताची वाट बदलत नाही, फक्त जागोजागी तेज कमीजास्त होते.

दुसरा प्रकार ऑसिलोस्कोपचा. तिथे झोताला ठरलेली वाट नाही. आपण आडव्या आणि उभ्या दिशेने जसे वाकवू तसा तो जातो, फळ्यावर खडू फिरवावा तसा. त्रिकोण काढायचा तर झोत पहिल्या बिंदूवर न्यायचा, तिथून दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर आणि परत पहिल्यावर. रेघ अगदी गुळगुळीत येते, तिला पायऱ्या पडत नाहीत. आणखी एक सोय म्हणजे संगणकाला सगळा पडदा लक्षात ठेवावा लागत नाही. रेघेची दोन टोके माहीत असली की पुरते. स्मृती महाग होती त्या काळात ही फार मोठी बचत होती. दिशा आणि लांबी असलेल्या राशीला गणितात सदिश म्हणतात, म्हणून या पडद्याला सदिश पडदा म्हणता येईल. अडचण एवढीच की लेपाची चमक क्षणात विझते. म्हणून सगळ्या रेघा सेकंदाला तीस-चाळीस वेळा पुन्हापुन्हा गिरवाव्या लागतात. एका चित्रात रेघा फार झाल्या की चित्र लुकलुकू लागते.

करमणुकीसाठी या पडद्याचा वापर फार लवकर झाला. अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत १९५८ साली विल्यम हिगिनबोथम यांनी पाहुण्यांसाठी ऑसिलोस्कोपवर टेनिसचा खेळ मांडला. १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एम.आय.टी. या संस्थेतल्या संगणकावर 'स्पेसवॉर' हा दोन यानांच्या झुंजीचा खेळ रचला. १९६३ साली त्याच संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढण्याची 'स्केचपॅड' ही पद्धत सिद्ध केली.

हा पडदा त्या काळी आपल्याकडेही होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला संगणक १९६० साली पूर्ण झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. उत्तरे आकृतीच्या रूपाने दाखवण्यासाठी त्याला कॅथोड किरण नलिकेचा पडदा जोडलेला होता. संगणकाने पडद्यावर आकृती काढावी ही कल्पना मुंबईत 'स्टार वॉर्स'च्या खेळाआधी तेवीस वर्षे प्रत्यक्षात आली होती.

रुळांचे त्रैराशिक

आता रेघांतून खोली कशी येते ते पाहू. त्यासाठी कळंबच्या वाचकांना आम्ही रेल्वेच्या रुळांकडे नेतो. कळंब गाव मांजरा नदीच्या काठी, रुळांपासून दूर. पण कुर्डुवाडी-लातूर मार्गावर 'कळंब रोड' नावाचे स्थानक आहे. बार्शी लाइटची ही वाट १९११ साली लातूरपर्यंत पोचली. तेव्हा दोन रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर होते. २००७-०८ च्या सुमारास मार्ग रुंद झाला आणि ते अंतर १,६७६ मिलिमीटर झाले. फलाटाच्या टोकाला उभे राहून सरळ मार्गाकडे पाहिले की दोन्ही रूळ दूरवर एकमेकांना मिळताना दिसतात. अरुंद रूळ मिळत आणि रुंद रूळही मिळतात. असे का?

डोळ्यापासून ५० सेंटिमीटरवर एक काच उभी धरली आहे अशी कल्पना करा. दहा मीटरवरच्या रुळांच्या दोन कडांपासून डोळ्यापर्यंत दोन सरळ रेषा येतात आणि काचेला दोन बिंदूंत छेदतात. डोळा आणि रूळ यांचा मोठा त्रिकोण, डोळा आणि काचेवरचे बिंदू यांचा लहान त्रिकोण. हे दोन त्रिकोण समरूप आहेत. म्हणून १० मीटरला १,६७६ मिलिमीटर, तर अर्ध्या मीटरला किती, हे साधे त्रैराशिक झाले. उत्तर सुमारे ८४ मिलिमीटर. हेच रूळ १०० मीटरवर ८.४ मिलिमीटर दिसतील आणि एक किलोमीटरवर एक मिलिमीटरहूनही कमी. रूळ मिळत नाहीत. त्यांच्यातले अंतर आपल्या नजरेने भागले जाते आणि भाजक वाढत राहतो.

खेळयंत्राचा पडदा म्हणजे हीच काच. यंत्राच्या स्मृतीत चराचा प्रत्येक कोपरा तीन आकड्यांनी नोंदलेला असतो: डावी-उजवीकडे किती, वर-खाली किती आणि समोर किती लांब. पहिल्या दोन आकड्यांना तिसऱ्याने भागायचे आणि डोळा ते पडदा या अंतराने गुणायचे. काचेवरचा बिंदू मिळाला. सगळे कोपरे असे मिळाले की झोताने ते रेघांनी जोडायचे. चर तयार.

त्या दोन मीटर रुंदीच्या भोकाचा हिशेब करून पाहा. ५० सेंटिमीटरवरच्या काचेवर ते १ किलोमीटरवरून १ मिलिमीटर दिसते. यान ५०० मीटर पुढे गेले तरी ते २ मिलिमीटरच होते. १०० मीटरवरून १ सेंटिमीटर, २० मीटरवरून ५ सेंटिमीटर आणि १० मीटरवरून १० सेंटिमीटर. पहिल्या ५०० मीटरांत एका मिलिमीटरची वाढ आणि शेवटच्या दहा मीटरांत एकदम पाच सेंटिमीटर. वस्तू बराच वेळ दूर वाटते आणि मग अचानक अंगावर येते, याचे कारण या भागाकारात आहे. खेळातला थरार इथून येतो. रस्त्यावरचा धोकाही इथूनच येतो. समोरून येणारा मालट्रक लांब दिसतो म्हणून दुचाकीस्वार पुढच्या वाहनाला मागे टाकायला निघतो आणि ट्रक पाहता पाहता जवळ येतो. डोळ्याला दिसणारी वाढ सारखी नसते. मुलांना हे आकड्यांत दाखवले तर त्याचा उपयोग परीक्षेबाहेरही होईल.

त्रैराशिक हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त छायाव्यवहार नावाचे प्रकरण आहे. दिव्यापुढे शंकू उभा केला की त्याची सावली किती लांब पडेल, असे प्रश्न त्यात आहेत. रीत अशी: शंकूची उंची गुणिले दिवा व शंकू यांतले अंतर, भागिले दोघांच्या उंचींतला फरक. दिवा ४८ अंगुळे उंच, शंकू १२ अंगुळे, अंतर ६० अंगुळे असेल तर १२ गुणिले ६० भागिले ३६, म्हणजे सावली २० अंगुळे. हेही समरूप त्रिकोणच आहेत. हे सारे त्रैराशिकानेच व्यापलेले आहे, अशा आशयाचे विवेचन भास्कराचार्य या प्रकरणाच्या शेवटी करतात. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे.

यावरून भास्कराचार्यांना व्हिडिओ गेम ठाऊक होता असा निष्कर्ष कोणी काढू नये. दिव्याच्या जागी डोळा आणि जमिनीच्या जागी उभी काच आणण्याचे काम युरोपातल्या चित्रकारांनी केले. आल्बेर्टी यांनी १४३५ साली त्याचे नियम लिहून ठेवले. नलिका जर्मनीतून आली, खेळ अमेरिकेतून. एका साध्या गुणोत्तराने किती देशांत आणि किती शतके काम केले, हे विद्यार्थ्यांपुढे मांडण्यासारखे आहे.

गणिताची पेटी

गणित एवढे सोपे, तर अडचण कुठे होती? अडचण वेगाची होती. भागाकाराच्या आधी आणखी एक काम असते. खेळणाऱ्याने दांडी वळवली की यान वळते. पण यंत्राच्या हिशेबात यान जागचे हलत नाही. ते नेहमी मध्यभागी, आणि सगळे जग त्याच्याभोवती उलट्या दिशेने फिरवले जाते. आगगाडीच्या खिडकीतून झाडे मागे पळताना दिसतात तसे हे आहे. बिंदू फिरवायचा म्हणजे त्याच्या तीन आकड्यांवर साइन आणि कोसाइन यांचे गुणाकार करायचे. तिन्ही दिशांनी मिळून एका बिंदूला नऊ गुणाकार आणि सहा बेरजा. समजा चित्रात २०० बिंदू आहेत आणि चित्र सेकंदाला ३० वेळा काढायचे आहे. म्हणजे सेकंदाला ५४,००० गुणाकार झाले. भागाकार आणखी वेगळे.

त्या वेळच्या स्वस्त प्रक्रियकांना हे झेपणारे नव्हते. म्हणून अटारीच्या अभियंत्यांनी गुणाकार-भागाकारांसाठी स्वतंत्र मंडल बांधले. अशी पेटी आधी १९८० सालच्या 'बॅटलझोन' या रणगाड्याच्या खेळात वापरली गेली. एड रॉटबर्ग यांच्या त्या खेळात ६५०२ हा प्रक्रियक होता आणि जोडीला 'मॅथ बॉक्स', म्हणजे शब्दशः गणिताची पेटी. 'स्टार वॉर्स'मध्ये, माइक हॅली यांच्या नेतृत्वाखालील गटाने, मोटोरोलाचे दोन ६८०९ प्रक्रियक वापरले, एक खेळासाठी आणि एक आवाजासाठी. गुणाकार आणि भागाकार करणारी मंडले त्यांच्याखेरीज वेगळी होती. पडदाही रंगीत होता. लाल, हिरवा आणि निळा असे तीन झोत एकाच वेळी वाकवले जात.

'बॅटलझोन'ची पुढची हकीकत इथे सांगायला हवी. रेघांचा तो रणगाडा पाहून अमेरिकी सैन्याला आपल्या 'ब्रॅडली' या चिलखती वाहनावरील सैनिकांच्या शिक्षणासाठी तशाच यंत्राची गरज वाटली. रॉटबर्ग यांचा अशा कामाला विरोध होता. आपण खेळ करायला इथे आलो, शस्त्रे चालवायला शिकवण्यासाठी नाही, अशी त्यांची भूमिका होती. तरी ते काम शेवटी त्यांनाच करावे लागले. त्या यंत्रासाठी घडवलेली दोन मुठींची दांडी पुढे 'स्टार वॉर्स'च्या खेळात आली. नाणे टाकणाऱ्या मुलाच्या हातात जी मूठ होती तिचा उगम सैनिकी शिक्षणात होता. गणित स्वतः कोणाची बाजू घेत नाही. ते कशासाठी वापरायचे हा प्रश्न माणसापुढे येतो, आणि वरिष्ठ वर्गांत त्यावर चर्चा होऊ शकते.

आपल्याकडे काय आले

भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांना संगणकाची ओळख करून देण्याचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला सुमारे २५० शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे संगणक मिळाले. त्यांत प्रक्रियक होता ६५०२, म्हणजे 'बॅटलझोन'मधलाच. त्याच संगणकासाठी १९८४ साली केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघा विद्यार्थ्यांनी 'एलिट' हा अवकाशातला खेळ रचला. रेघांचे सांगाडे, तेच गुणाकार आणि तोच भागाकार, पण गणिताच्या वेगळ्या पेटीशिवाय. शाळेत आलेले यंत्र आणि खेळाच्या दुकानातले यंत्र यांत फरक होता तो यंत्रापेक्षा त्याच्यापुढे कोण आणि कशासाठी बसले आहे याचा.

खेळाच्या दुकानांकडे सरकारचे लक्ष गेले ते मात्र वेगळ्या कारणाने. महाराष्ट्रात १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्याच्या कक्षेत पुढे व्हिडिओ गेमही आले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर राज्याचे करमणूक शुल्क त्यात विलीन झाले. व्हिडिओ गेम हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा प्रश्न न्यायालयांतही गेला. 'एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा दुकानांना परवान्याची अट घालण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. यंत्रात फेरफार करून कौशल्याचा खेळ नशिबाचा, म्हणजे जुगाराचा, बनवता येतो ही भीती त्यामागे होती, आणि ती निराधार नव्हती.

'स्टार वॉर्स'चे यंत्र या कसोटीवर ठेवून पाहिले तर ते कौशल्याच्या बाजूला पडते. भोक कधी मोठे होणार हे नशिबावर अवलंबून नाही. ते भागाकाराने ठरलेले आहे. पुष्कळदा खेळलेल्या मुलाचा हात बरोबर वेळी चालतो, कारण त्या भागाकाराचा अंदाज त्याच्या डोळ्यांना आलेला असतो. मुलाला सूत्र माहीत नसते, पण त्याचा परिणाम त्याने शेकडो वेळा पाहिलेला असतो. दहावीच्या वर्गात समरूपतेचे प्रकरण काढणाऱ्या शिक्षकाला सूत्र माहीत असते. हे दोघे एकाच गावात राहतात, रोज एकमेकांना भेटतात, आणि आपण एकाच गोष्टीचे जाणकार आहोत हे दोघांनाही बहुधा ठाऊक नसते. हे अंतर शिक्षकच कमी करू शकतो. मुलाला सूत्र स्वतःहून सापडण्याची शक्यता कमी, आणि यंत्र तर ते काळ्या पडद्यामागे लपवूनच ठेवते.

पुढे काय झाले

सदिश पडद्याचे आयुष्य थोडे ठरले. स्मृती स्वस्त होत गेली तसा नांगराच्या तासांसारख्या ओळींचा पडदा पुढे गेला, कारण त्यावर रेघाच नव्हे तर भरीव रंगीत चित्रेही काढता येत. अटारीचाच याच चित्रपटमालेवरचा १९८४ सालचा 'रिटर्न ऑफ द जेडाय' हा खेळ ओळींच्या पडद्यावर आला. पुढे सपाट पडदे आले आणि कॅथोड किरण नलिकांचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादनच थांबले. जुनी यंत्रे चालू ठेवणाऱ्या हौशी लोकांना आज नलिकांसाठी वणवण करावी लागते. ऑसिलोस्कोपही आता सपाट पडद्याचे झाले आहेत. ठिपक्याला चुंबकाने सरकवून दाखवण्याचा प्रयोग एखाद्या शाळेच्या कपाटात जुना ऑसिलोस्कोप असेल तरच करता येईल. असा ऑसिलोस्कोप भंगारात देऊ नये, अशी आमची विनंती आहे. त्याच्या आत मात्र हजारो व्होल्टचा दाब असतो, म्हणून पेटी कोणीही उघडू नये.

गणिताची पेटी मात्र मेली नाही, ती वाढली. आजच्या प्रत्येक मोबाइलमध्ये चित्रांसाठी स्वतंत्र प्रक्रियक असतो. बिंदू फिरवा, खोलीने भागा, हेच काम तो रेघांऐवजी असंख्य लहान त्रिकोणांवर करतो. असे गुणाकार एकाच वेळी लाखोंनी करण्याची त्याची ताकद लक्षात आल्यावर हवामानाचे गणित आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांसाठीही तो वापरला जाऊ लागला. खेळासाठी वाढलेल्या यंत्राने प्रयोगशाळेत जागा मिळवली.

वर्गात करण्यासारखे

यासाठी संगणक लागत नाही. एक सरळ व्हरांडा, खिडकीची एक सुटी काच किंवा चौकटीत ताणून बसवलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद, पुसता येणारी लेखणी आणि मोजपट्टी पुरे. (काचेच्या कडांना चिकटपट्टी लावावी. रुळांवर किंवा वाहत्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये.) व्हरांड्यात दोन मीटर अंतराने दोन समांतर रेघा खडूने आखा. डोळ्यापासून ४, ५, १० आणि २० मीटर अंतरांवर खुणा करा. काच डोळ्यापासून ५० सेंटिमीटरवर पक्की ठेवा. एका मुलाने एक डोळा मिटून, डोके न हलवता, प्रत्येक खुणेवर दोन रेघा काचेत जिथे दिसतील तिथे ठिपके द्यावेत. ठिपक्यांतील अंतरे मोजण्याआधी बाकीच्यांनी त्रैराशिकाने उत्तरे काढून फळ्यावर लिहावीत: २५, २०, १० आणि ५ सेंटिमीटर. मग मोजावे. चार-पाच मिलिमीटरांचा फरक राहील. तो कुठून आला यावरही बोलावे. डोळा हलला का, काच तिरकी होती का, टेप सैल होता का?

नंतर काचेवरचे ठिपके रेघांनी जोडावेत. काचेमागे काळा कागद धरला की वर्गाला 'स्टार वॉर्स'चा चर दिसेल. शेवटी गणित घालावे: २.५ मीटर रुंदीचा मालट्रक सेकंदाला २० मीटर वेगाने समोरून येत आहे. ४०० मीटर अंतरापासून तो आपल्यापाशी पोचेपर्यंत दर चार सेकंदांनी काचेवर त्याची रुंदी किती दिसेल? आलेख काढा. हे गणित आधी कोणाला सुटते ते पाहावे. खेळात तरबेज असलेल्या मुलाला त्या दिवशी फळ्यापाशी बोलावायला विसरू नये.